गाडी गोठ्यामागं लावा, आप्पा



आज उन्हाळ कांद्याच्या रोपावर लिहायचं ठरलं होतं. तिघा-चौघांनी विचारलंय, रोप टाकल्यावर पंधरा दिवसांत पिवळं का पडतंय म्हणून. ते उद्या नक्की लिहितो. आज दुसरंच डोक्यात बसलंय, ते बाहेर काढल्याशिवाय झोप लागणार नाही. विषय शेतीचा नाही असं कुणी म्हणेल. मी म्हणतो शेतीचाच आहे, फक्त मातीतला नाही, दोन चाकावरचा आहे.

परवा एका ग्रुपवर व्हिडिओ आला. एक म्हातारा बाबा टीव्हीएस एक्सएलवर घासाचे भारे लादून चाललाय. भारे एवढे की बाबा दिसतच नाही, नुसती पांढरी टोपी दिसते. मागून कुणीतरी चारचाकीतून शूटिंग करतोय, वरून विनोदी गाणं लावलंय आणि आतली पोरं खदाखदा हसतायत. त्याच्याखाली हसण्याच्या चित्रांचा ढीग. कुणी लिहिलं हेलिकॉप्टर, कुणी लिहिलं गरिबाचा ट्रॅक्टर. वाईट ह्याचं वाटलं की हसणाऱ्यांत माझ्या ओळखीच्या दोन शेतकऱ्यांची पोरं होती. त्या दोघांच्या शाळेची फी ज्या दुधातून गेली, ते दूध डेअरीला ह्याच गाडीवरून जात होतं. मी स्वतः बघितलेलं आहे.

त्या व्हिडिओवर मी काहीच लिहिलं नाही. कारण मला त्याच्या आधीची माझ्या घरातली गोष्ट आठवली.

दिवाळीच्या आधी आमच्या धाकट्याला बघायला पाहुणे येणार होते. पोरगा २८ वर्षांचा, आयटीआय झालेला, शेती आणि गोठा बघतो. शेतकरी पोराला मुलगी मिळायची आज काय अवस्था आहे ते ह्या पानावरच्या निम्म्या लोकांना मी सांगायची गरज नाही. सकाळपासून घर झाडणं, अंगण सारवणं चाललेलं. मी डेअरीवरून आलो, दोन्ही कॅन उतरवले आणि नेहमीच्या जागी, लिंबाखाली, एक्सएल लावली. पोरगा बाहेर आला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "आप्पा, गाडी गोठ्यामागं लावता का? पाहुणे येतील."

अर्ध्या तासात त्याच्या मित्राची बुलेट आली आणि त्याच लिंबाखाली उभी राहिली. धुतलेली, पुसलेली. पाहुणे आले, चहापोहे झाले. त्यांनी बागायत किती, विहिरीला पाणी किती, हिस्सेदार किती हे सगळं विचारलं. बुलेटकडं बघितलंसुद्धा नाही. जाताना म्हणाले, मुलीचं म्हणणं आहे की पुण्यात नोकरी असती तर बरं झालं असतं. झालं, विषय संपला. संध्याकाळी मित्र त्याची बुलेट घेऊन गेला आणि मी माझी एक्सएल गोठ्यामागून काढून दुधाला गेलो.

त्या दिवशी मी पोराला काही बोललो नाही. आता तो म्हणतोय बुलेट घ्यायची, हप्त्यावर. म्हणून हे लिहितोय. त्याला तोंडावर सांगायला गेलो की दोघांचाही आवाज चढतो. इथं लिहिलं तर तो वाचतो, हे मला माहीत आहे.

आता जरा मागं जाऊ.

मोपेड म्हणजे मोटर आणि पेडल. सायकललाच मोटर बसवलेली, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडं ही गाडी घरोघर पोचवली लूनानं. कायनेटिकची लूना १९७२ साली आली, ५० सीसीची. फिरोदिया घराणं मूळचं आपल्या नगरचंच. ७२ साल म्हणजे दुष्काळाचं साल. मी तेव्हा पाळण्यात होतो, पण आई सांगायची की त्या वर्षी अर्धं गाव खडी फोडायला होतं. त्यामुळं लूना आली म्हणून आमच्या गावात लगेच कुणी घेतली नाही. गावात पहिली लूना दिसली ती बऱ्याच वर्षांनी, आमच्या गुरुजींची. आम्ही पोरं शाळा सुटल्यावर तिच्याभोवती उभी राहायचो. पेट्रोल संपलं तर गुरुजी पेडल मारत घरी जायचे, आणि तेही आम्हाला भारीच वाटायचं. टीव्हीवर तिची जाहिरात लागायची, ती तर पिढीच्या पिढीच्या तोंडात बसली. पियुष पांडे ह्यांचं नाव त्या जाहिरातीमुळं घेतलं जातं.

तेव्हा लूनावर कोण होतं? गुरुजी, पोस्टातले, विम्याचे, गाई भरवायला येणारे डॉक्टर. म्हणजे ज्याच्या घरात महिन्याचा पगार येतो तो माणूस. लूनावाला म्हणलं की लोक सरकून जागा द्यायचे.

माझे वडील तेव्हा सायकलवर दूध घालायचे. सात किलोमीटर जायचं, सात यायचं, दोन बाजूला दोन किटल्या. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की सायकल खांद्यावर आणि किटल्या हातात. मी दहावी झालो आणि ती सायकल माझ्याकडं आली. त्यानंतर काही वर्षांनी मी जुनी लूना घेतली, एका कंपाउंडरकडून, कांद्याच्या पैशातून. वडिलांनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गावातून पहिली चक्कर मारली तेव्हा मला वाटलं आपण आता कुणीतरी झालो.

आणि हेही सांगून टाकतो, कारण दुसऱ्यांना नावं ठेवायची तर आधी आपलं उघडं करावं. त्याच आठवड्यात तालुक्याच्या रस्त्याला एक सायकलवाला पुढं होता, दोन किटल्यांचा, वडिलांच्या वयाचा. मी त्याच्या मागं हॉर्न धरला आणि बाजूनं जाताना म्हणलं, "ओ, सरका की कडंला!" तो सरकला, काही बोलला नाही. सायकल सोडून मला आठ दिवस झाले नव्हते.

म्हणून मी म्हणतो की हा मान-अपमान गाडीत नसतो. ज्याच्या बुडाखाली एक पायरी वरची गाडी येते, तो खालच्याला हसतो. सायकलवाला पायी चालणाऱ्याला, लूनावाला सायकलवाल्याला, मोटरसायकलवाला लूनावाल्याला. १९८० साली टीव्हीएसची ५० आली, मग तिच्या पुढच्या एक्सएल आल्या, आणि तोवर पगारवाल्यांनी स्कूटर, मोटरसायकली घेतल्या. मोपेड आमच्याकडं राहिली, शेतकऱ्याकडं, दूधवाल्याकडं, भाजीवाल्याकडं, भंगारवाल्याकडं. गाडी तीच, पण तिच्यावर बसणारा बदलला, तशी तिची किंमत उतरली. गुरुजींच्या बुडाखाली ती प्रतिष्ठा होती, आमच्या बुडाखाली ती कॉमेडी झाली. सिनेमात बघा, वेंधळा माणूस दाखवायचा असला की त्याला मोपेडवर बसवतात. हिरो कधी मोपेडवरून येत नाही.

आता दुसरी गंमत ऐका. पुण्यात माझा भाचा आहे, चांगल्या नोकरीला. त्यानं विजेवरची सायकल घेतली, सायकलला छोटी मोटर आणि बॅटरी. ऑफिसला तीच घेऊन जातो. त्याचं सगळे कौतुक करतात. पर्यावरणाचा विचार करणारा, साधा राहणारा, पुढारलेला. फोटो टाकला की दोनशे लाईक. कायद्यानंही तिला सवलत आहे, २५० वॅटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग आणि वजनाच्या अटीत बसत असेल तर तिला मोटार वाहन धरत नाहीत, नंबरप्लेट नको, लायसन नको. चांगलीच गोष्ट आहे, भाच्यावर माझा काही राग नाही.

पण मला एक सांगा. सायकलला मोटर लावून शहरातला माणूस फिरला तर तो विचारी, आणि तीच मोटर लावलेली सायकल घेऊन शेतकरी ५० वर्षं फिरतोय तर तो गरीब बिचारा? कमी पेट्रोल, कमी लोखंड, कमी जागा, गरजेपुरता वेग. जे आता शहरात शिकवतायत ते आमच्याकडं कुणी न शिकवता चाललेलं होतं. (धुराचं मान्य करतो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालायच्या आणि मागच्याचे डोळे चुरचुरायचे. एक्सएल १०० फोर-स्ट्रोक होऊन आली २०१५ साली, तेव्हापासून तो त्रास गेला.) २०२४ च्या फेब्रुवारीत लूनासुद्धा विजेवर होऊन परत आली. आता तिच्यावर शहरातली माणसं बसली तर तिची किंमत पुन्हा वाढते की नाही बघा.

आता ही गाडी काम काय करते ते सांगतो, कारण हसणाऱ्यांनी ती कधी हातात धरलेली नसते.

पुढं पाय ठेवायची जागा सपाट आणि मोकळी. तिथं ४५ किलोची युरियाची गोणी बसते. मागचं सीट निघतं, तिथं घासाचा भारा नाहीतर कांद्याची पिशवी. दोन बाजूला आकडे करून घेतले की २० लिटरचे दोन कॅन. गिअर नाही, क्लच नाही, त्यामुळं बांधावरून हळूहळू जाताना दुसऱ्या हातानं गोणी धरता येते. फवारणीचा पंप पाठीला लावूनसुद्धा चढता-उतरता येतं, टांग टाकावी लागत नाही. चिखलात फसली तर एकटा माणूस उचलून बाहेर काढतो. १९५ किलोची बुलेट पाणंदीत रुतली तर गाव गोळा करावं लागतं. रात्रीची लाईट असली की दोन वाजता मोटर चालू करायला मी हिच्यावरच जातो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आमच्या घरची मंडळी ४३ व्या वर्षी हीच गाडी शिकली, लुगडं नेसून. मोटरसायकल तिला जमली नसती आणि कुणी शिकवलीही नसती. आता ती स्वतः डेअरीला जाते, बचत गटाच्या मीटिंगला जाते, माहेरीसुद्धा जाऊन येते. आधी ती कुठंही जायचं म्हणलं की माझी नाहीतर पोराची वाट बघत बसायची. पहिल्या दिवशी ती एकटी गेली तेव्हा पारावरचे हसले. आज त्याच पारावरच्या तिघांच्या सुना एक्सएल चालवतात. बाईला दुसऱ्याच्या मागं बसण्यातून जिनं सोडवलं ती गाडी हसण्यावारी न्यायची नसते.

आता पोरासाठी हिशोब. नुसतं वाद घालून उपयोग नाही, वहीतलं लिहितो.

बुलेट रस्त्यावर येईपर्यंत सव्वादोन-अडीच लाख. ४० हजार रोख भरायचे आणि ६,४०० चा हप्ता ३६ महिने. हप्त्याचे होतात २,३०,४००. रोख धरून २,७०,४००. यंदा माझ्या कांद्याला सरासरी पडली ११०० रुपये क्विंटल. म्हणजे २४६ क्विंटल कांदा. मला एकरी पडतो ११० क्विंटलच्या आसपास. म्हणजे सव्वादोन एकराचा कांदा, आणि त्यातून रोप, लागवड, खत, औषध, काढणी, गाडीभाडं काहीही वजा न करता. खर्च वजा केला तर किती एकर लागतील ते ज्याचं त्यानं काढावं, मला काढवत नाही.

पेट्रोल वेगळं. आमची दिवसाची चक्कर २५ किलोमीटर, महिन्याला ७५०. ओझं घेऊन माझी एक्सएल लिटरला ५० देते, १५ लिटर लागतं. बुलेटनं ३२ दिले तरी साडेतेवीस लिटर. महिन्याला साडेआठ लिटर जास्त, आणि तेवढं करून तिच्यावर घासाचा भारा बसत नाही. म्हणजे एक्सएल ठेवावीच लागणार. म्हणजे बुलेट कामाला नाही, उभी करायला आहे. लिंबाखाली.

ज्याला परवडतं, ज्याला हौस आहे त्यानं बुलेट जरूर घ्यावी. हौसेला मी नावं ठेवत नाही, मीपण बैलांना झुली घालतो. पण हौस वेगळी आणि लाज वेगळी. हौसेनं घेतलेल्या वस्तूचा आनंद होतो. लाजेनं घेतलेल्या वस्तूचा हप्ता तेवढा होतो.

आता आपल्या लोकांचंही थोडं. नुसतं दुसऱ्याला बोलून चालणार नाही, एक्सएलवाल्यांनी आपलं नाव आपणही खराब केलंय.

एक, हेल्मेट. आपल्याला वाटतं आपण कुठं गाडीवाले, आपण तर शेतावर चाललोय. पण डांबरीवर आलं की डोकं सगळ्यांचं सारखंच फुटतं. कायदाही सारखाच आहे, मागं बसणाऱ्यालासुद्धा. दोन, पोरांच्या हातात गाडी. लोक सांगतात मोपेडला १६ वर्षं चालतात. ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या गाडीला आहे. आताची एक्सएल शंभरच्या जवळ जाते, तिला १८ पूर्ण आणि लायसन पाहिजेच. तीन, भारा. मागच्या वर्षी मी स्वतः अंधार पडल्यावर मक्याचा भारा घेऊन येत होतो. भाऱ्यानं मागचा लाल दिवा पूर्ण झाकलेला. मागून ट्रक आला, त्यानं ब्रेक दाबला तो आवाज अजून कानात आहे. ड्रायव्हर उतरून मला शिव्या देऊन गेला आणि त्या मला लागू होत्या. तेव्हापासून भारा छोटा बांधतो, दोन खेपा करतो आणि भाऱ्याच्या मागं लाल रिफ्लेक्टर अडकवतो, ४० रुपयाला मिळतो. शेतरस्त्यावरून डांबरीवर चढताना थांबून दोन्हीकडं बघा. आपण असं वागलो तर त्या व्हिडिओवाल्यांच्या हातात आपणच गाणं लावायला कारण देतो.

शेवटचं, आणि हे लिहायला मला जड जातंय.

पोरगा म्हणाला गाडी गोठ्यामागं लावा, तेव्हा मला राग आला की ह्याला बापाच्या गाडीची लाज वाटते. पण रात्री पडल्या-पडल्या विचार केला, हा शिकला कुठून? मंगल कार्यालयात लग्नाला जातो तेव्हा मला कुणी सांगत नाही, तरी मी गाडी सगळ्यांच्या शेवटी, भिंतीकडंला लावतो आणि तिथून चालत येतो. पेट्रोल पंपावर मागून मोठी गाडी आली की मी आपणहून बाजूला होतो, जसं काय माझे शंभर रुपये तिच्या शंभरापेक्षा कमी आहेत. बँकेत साहेबानं विचारलं कशावर आलात, तर मी म्हणलं एसटीनं. एक्सएल बाहेर उभी होती. पोरगा लहानपणापासून माझ्या पुढं उभा राहून फिरला आहे ह्याच गाडीवर. त्यानं हे सगळं बघितलं. हसणारे हसले, पण लाजायला त्याला मीच शिकवलं.

तेव्हा बाळा, तू वाचतोयस म्हणून लिहितो. पैसे घरातले आहेत, तुझाही त्यावर हक्क आहे. बुलेट आवडत असेल तर दोन वर्षं थांबून रोखीनं घेऊ, मी आडवा येणार नाही. पण पाहुण्यांना दाखवायला म्हणून हप्ता काढू नकोस. जे घर गाडी बघून पोरगी देईल, ते हप्ता थकल्यावर काय बघेल ह्याचा विचार कर. तुझ्याकडं दाखवण्यासारखं खूप आहे. आठ गाईंचा गोठा तू एकट्यानं उभा केलास, ते मी पाहुण्यांपुढं बोललो नाही, ती माझी चूक झाली. पुढच्या वेळी बोलेन.

आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की एक्सएल लिंबाखालीच राहील, कॅन लावलेली. मी आजपासून पंपावर रांगेत सरकणार नाही, आणि मंगल कार्यालयात जिथं जागा दिसेल तिथं गाडी लावणार आहे. ह्या वयात नवीन सवय लागायला वेळ लागेल, पण बघतो.

ज्यांच्याकडं मोपेड आहे त्यांनी खाली आपल्या गाडीचा फोटो टाका. साल कोणतं आणि तिच्यावर काय-काय वाहिलं तेवढं लिहा. हसणारे येऊ द्या, त्यांना कुणी वाईट बोलू नका. त्यांच्या घरी सकाळी दूध कशावरून येतं एवढंच विचारा.

उद्या रोपाच्या मर रोगावर लिहितो. तोवर वाफ्यात पाणी साचू देऊ नका.

चूकभूल द्यावी घ्यावी. रामराम.